कायद्याने गृहीत धरलेला खंबीर माणूस

ठाण्यात घोडबंदर रोडपासून नौपाड्यापर्यंत कुठल्याही सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, दोन वाक्यं हमखास सापडतात. एक, "असलं काही टाकू नका, उगाच पोलीस घेऊन जातील." दुसरं, "मला बोलायचं स्वातंत्र्य आहे, मला ग्रुपमधून काढलंच कसं?" पहिल्यात भीती आहे, दुसऱ्यात हक्काची भाषा आहे. पण हा हक्क कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे दोन्ही ठिकाणी नीट माहीत नसतं.

मे २०२५ मध्ये पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या १९ वर्षांच्या मुलीला 'ऑपरेशन सिंदूर'बद्दलची एक पोस्ट शेअर केल्यावरून अटक झाली. तिने ती पोस्ट थोड्याच वेळात काढून टाकली होती, माफीही मागितली होती. तरी कॉलेजनेही तिला काढून टाकलं. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने २७ मे रोजी तिची सुटका करायला लावली आणि परीक्षा देता यावी म्हणून कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली. मी ठाण्यातल्या शाळा-कॉलेजांत राज्यघटनेवर बोलायला जातो. त्यानंतर जिथे जाईन तिथे मुलं विचारू लागली, "सर, आम्ही काही शेअर केलं तर आमचंही असंच होईल का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मुळापासून द्यायला हवं.

हा हक्क कोणासमोर आहे?

राज्यघटनेचं कलम १९(१)(क) प्रत्येक भारतीय नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं. अभिव्यक्ती म्हणजे आपलं म्हणणं कुठल्याही मार्गाने मांडणं: लिहून, गाऊन, चित्र काढून, फलक धरून. हा हक्क प्रामुख्याने सरकारसमोर आहे. सरकार म्हणजे केंद्र, राज्य, महापालिका, पोलीस, सरकारी संस्था. सोसायटीच्या ग्रुपचा ॲडमिन सरकार नाही. त्याने तुम्हाला काढलं तर ते अन्यायाचं असेल, उद्धटपणाचं असेल, पण घटनेचा भंग नाही. (जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने असं म्हटलं की हा हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येऊ शकतो. म्हणून ग्रुपमध्ये परत घ्या, असा हुकूम कोर्टातून आणता येईल असं मात्र कोणी समजू नये.) ॲडमिन मंडळींनाही एक दिलासा आहे. ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणी काही आक्षेपार्ह टाकलं, तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही, असा निकाल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे.

या कलमाची मांडणी नीट लक्षात घ्यायला हवी. बोलण्यासाठी तुम्हाला कारण द्यावं लागत नाही. कारण द्यावं लागतं ते थांबवणाऱ्याला.

मग कोणीही काहीही बोलावं का?

नाही. त्याच कलमाचा दुसरा भाग, १९(२), सरकारला 'वाजवी निर्बंध' घालू देतो. म्हणजे कायद्याने घातलेली आणि कारणाच्या प्रमाणात असलेली बंधनं. ही कारणं मोजून आठ आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. नवव्या कारणासाठी तोंड बंद करता येत नाही. 'मला आवडलं नाही', 'नेत्याचा अपमान झाला', 'वेळ योग्य नव्हती' यांपैकी एकही त्या यादीत नाही.

यादी सुरुवातीला इतकी लांब नव्हती. १९५० मध्ये मद्रास सरकारने मुंबईहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाला आपल्या प्रांतात बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. सार्वजनिक सुव्यवस्था हे कारण तेव्हा घटनेत नव्हतंच. पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून सरकारने ते आणि आणखी काही कारणं घातली. त्याच दुरुस्तीत 'वाजवी' हा शब्दही आला, आणि पुढे न्यायालयांनी सर्वाधिक आधार घेतला तो त्याच शब्दाचा. बंधन वाजवी आहे की नाही हे सरकारने ठरवायचं नसतं, न्यायालयाने ठरवायचं असतं.

आपल्याकडे हा प्रश्न काही नवा नाही. लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली, १९०८ मध्ये सहा वर्षांची, आणि त्यांना मंडालेला नेलं. इंग्रजांचं तेच १२४-अ कलम स्वतंत्र भारतातही वापरात राहिलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्थगित ठेवायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हे नाव नाही, पण देशाचं सार्वभौमत्व आणि एकता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांवरचं कलम १५२ आहे, आणि त्याची भाषा मला तरी अजून नको तितकी सैल वाटते.

आपल्याच जिल्ह्यात घडलेली गोष्ट

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई आणि आसपासचा भाग बंद होता. पालघरच्या एका २१ वर्षांच्या मुलीने फेसबुकवर लिहिलं की हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट 'लाइक' केली. दोघींना अटक झाली. मुलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला.

त्या अटकेत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ लावलं होतं. कोणाला त्रासदायक, गैरसोयीचं किंवा फार अपमानास्पद वाटेल असं काही ऑनलाइन पाठवलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रासदायक कोणाला? किती? कलमात काही मोजमाप नव्हतं. त्या अटकेनंतर दिल्लीची तरुणी श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ६६-अ पूर्ण रद्द केलं.

त्या निकालाने तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. पहिली, चर्चा: एखाद्या विषयावर बोलणं. दुसरी, पुरस्कार: एखादं मत कितीही अप्रिय असलं तरी त्याची बाजू जोरात मांडणं. तिसरी, चिथावणी: ऐकणाऱ्याला प्रत्यक्ष गुन्ह्याकडे ढकलणं. पहिल्या दोन पायऱ्यांवर सरकारचा हात पोहोचत नाही. तो फक्त तिसरीवर पोहोचतो. "हा कर अन्यायाचा आहे" ही चर्चा. "हा कर रद्द व्हावा म्हणून सगळ्यांनी मोर्चात या" हा पुरस्कार. "वसुली कर्मचारी आला की त्याला झोडा" ही चिथावणी. मुलांना एवढी तीन वाक्यं फळ्यावर लिहून दिली की पुढचं ती स्वतःच लावून बघतात, आणि बहुतेक वेळा बरोबर लावतात.

पालघरच्या मुलींवरचा गुन्हा टिकला नाही. पण कलम रद्द होऊनही कित्येक वर्षं देशात ठिकठिकाणी ६६-अ खाली गुन्हे नोंदवले जात राहिले, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवण्याचे आदेश पुन्हा द्यावे लागले. निकाल दिल्लीत लागला म्हणून पोलीस ठाण्याच्या टेबलापर्यंत तो आपोआप येत नाही. तो तिथपर्यंत जायला तो माहीत असलेली माणसं लागतात.

कोणाच्या मनाने मोजायचं?

समजा, एकच कविता दोघांनी ऐकली. एक म्हणाला छान आहे, दुसरा म्हणाला यामुळे दंगल होईल. कायद्याने कोणाचं ऐकावं?

याचं उत्तर १९४६ मध्ये नागपूरच्या उच्च न्यायालयाने दिलं आहे. न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी म्हटलं की शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर मनाच्या, धीराच्या माणसाच्या मापाने. दुबळ्या, डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका दिसणाऱ्या माणसाच्या मापाने नाही. देश अजून पारतंत्र्यात होता, आणि एका न्यायाधीशाने इथल्या सामान्य वाचकाला खंबीर मानलं. हे मला फार मोलाचं वाटतं.

हेच माप २८ मार्च २०२५ च्या निकालात पुन्हा आलं. खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या एका व्हिडिओत पार्श्वभूमीला कविता होती, त्यावरून गुजरातेत जामनगरला गुन्हा नोंदला गेला. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रजासत्ताक होऊन ७५ वर्षं झाली, तरी निव्वळ एखाद्या कवितेने किंवा विनोदाच्या कार्यक्रमाने समाजात वैर पसरेल इतके आपण डळमळीत नाही, हा त्या निकालाचा गाभा. तो लिहिला न्यायमूर्ती अभय ओक यांनी. ओकसाहेबांनी वकिलीची सुरुवात आपल्या ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, वडिलांच्या हाताखाली केली. नागपूरला ठरलेलं माप सुमारे ८० वर्षांनी ठाण्याच्या माणसाने दिल्लीत पुन्हा ठणकावून सांगितलं, याचा आपल्याला अभिमान असायला हवा.

त्या निकालात एक व्यवहाराचीही गोष्ट आहे. तीन किंवा अधिक, पण सातपेक्षा कमी वर्षांच्या शिक्षेचा, बोलण्या-लिहिण्यावरचा आरोप असेल, तर पोलिसांनी लगेच गुन्हा न नोंदवता वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करून घ्यावी, हेच सहसा योग्य, असं न्यायालय म्हणतं. नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, त्यासाठी कलम १७३(३) आहे.

"पण भावना दुखावतात त्याचं काय?"

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. ज्याची श्रद्धा आहे त्याला तिची टवाळी खरोखर लागते. धर्माच्या अपमानाबद्दल कायदा आहेही: आधी २९५-अ होतं, आता न्याय संहितेचं कलम २९९. पण त्यासाठी अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला असावा लागतो. अनवधानाने, अज्ञानाने किंवा टीका म्हणून बोललेलं त्यात बसत नाही. नुसत्या दुखावण्यावर गुन्हा ठरायला लागला, तर सगळ्यात जास्त अधिकार सगळ्यात लवकर दुखावणाऱ्याच्या हाती जातो.

गोपाळ गणेश आगरकरांची पुण्यात ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली गेली होती. ज्यांनी ती काढली त्यांच्या भावना दुखावल्याच असणार. आगरकर लिहीत राहिले, टिळक त्यांना 'केसरी'तून उत्तरं देत राहिले. एकेकाळी हे दोघे अब्रुनुकसानीच्या खटल्यात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. मग इतके दुरावले, तरी भांडण कागदावर चाललं. आगरकर ज्या प्रथेविरुद्ध लिहीत होते, त्या विधवांच्या केशवपनाला आज कोणी पाठिंबा देत नाही. तेव्हाच्या दुखावलेल्या भावनांना कायद्याचं बळ मिळालं असतं, तर हे व्हायला आणखी किती वर्षं लागली असती?

"आणि अफवा?"

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज फिरत होते. ते पाच जण मंगळवेढ्याकडचे भिक्षेकरी होते. शब्दांनी माणसं मरतात, हे यापेक्षा स्पष्ट दिसू शकत नाही. म्हणून घबराट किंवा वैर पसरवणाऱ्या खोट्या मजकुरावर न्याय संहितेचं कलम ३५३ आहे, आणि ते असायलाच हवं.

पण राईनपाडा नुसत्या कायद्याने टळला असता का? मेसेज आला तेव्हा "हे कोणी पाहिलं? कुठल्या गावची मुलं गेली?" एवढं विचारणारी चार माणसं जमावात असती, तर कदाचित टळला असता. मला जे म्हणायचं आहे ते इथेच आहे. ज्या मनाला विरोधी मत सोसत नाही, तेच मन आपल्या बाजूची अफवा लगेच गिळतं. दोन्हीकडे दुबळेपणा एकच: ऐकलेल्या गोष्टीसमोर थोडं थांबून तिला प्रश्न विचारण्याची सवय नसणं. नागपूरच्या न्यायाधीशांनी जो खंबीर माणूस गृहीत धरला, तो कायदा तयार करू शकत नाही. तो तयार होतो घरात आणि शाळेत.

"मुलांचं मन कोवळं असतं, त्यांना जपायला नको?"

जपायला हवंच. आठ वर्षांच्या मुलासमोर काय यावं आणि काय नको हे मोठ्यांनीच ठरवायचं. पण १८ व्या वर्षी तोच मुलगा मतदान करणार आहे. त्या वाढदिवसाला एका रात्रीत त्याला परस्परविरोधी भाषणं तोलायला येणार नाहीत. विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला रिकामा डबा बांधतात आणि पोराला पाण्यात सोडतात. डबा कधी काढायचा हे पोरागणिक बदलतं, पाण्यात उतरणं मात्र कोणाला चुकत नाही. आपण बरेचदा डबा बांधतो आणि पोराला काठावरच बसवून ठेवतो.

फोनमुळे हे आणखी अवघड झालंय. मूल जे थांबून बघतं, तसंच त्याला पुढे दिसत राहतं. त्यामुळे दहावीतल्या मुलाला आपलं मत सगळ्यांचंच आहे असं प्रामाणिकपणे वाटतं. याउलट सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलावर एकमेकांशी अजिबात न पटणारी वर्तमानपत्रं शेजारी शेजारी पडलेली असतात. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, विनायक लक्ष्मण भावे त्याच्या संस्थापकांपैकी एक. या शहराने आपल्या मुलांसाठी ही सोय कधीच करून ठेवली आहे. शनिवारी अर्धा तास तिथे बसवून एकाच बातमीचे दोन मथळे मुलांना वाचायला लावले, तरी पुष्कळ काम होतं.

शाळांत मी एक प्रयोग घेतो. वादविवादाचा विषय आधी जाहीर करायचा, बाजू मात्र चिठ्ठीने द्यायची. एका वर्गात विषय होता शाळेत मोबाइलबंदी असावी की नाही. बंदीच्या कट्टर विरोधातल्या एका मुलाच्या वाट्याला बंदीची बाजू आली. तो बराच वेळ उभाच राहिला. चिठ्ठी उलटसुलट केली, मागच्या बाकाकडे बघितलं. मग म्हणाला, "माझा फोन दुरुस्तीला होता त्या आठवड्यात मी आणि आई रोज जेवताना बोलत होतो." आणि तिथून त्याने बाजू अशी लढवली की समोरच्या गटाला उत्तर सुचेना. तास संपल्यावर त्याचं मूळ मत बदललं नव्हतं. मी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती. पण समोरच्याचं म्हणणं मूर्खपणाचं नाही, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सिद्ध केलं होतं.

"शाळेत शिस्त बिघडेल त्याचं काय?"

शिक्षकांचा हा प्रश्न नेहमी येतो. केरळमधल्या तीन भावंडांचं उदाहरण मी सांगतो. त्यांच्या पंथाची श्रद्धा वेगळी असल्यामुळे ती राष्ट्रगीत गात नसत, पण राष्ट्रगीत चालू असताना आदराने उभी राहत. त्यांना शाळेतून काढलं. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना परत घ्यायला लावलं. गप्प राहण्याचाही हक्क असतो, आणि आपली परंपरा, आपलं तत्त्वज्ञान, आपली घटना सहिष्णुताच शिकवते, ती पातळ करू नका, असं न्यायालयाने बजावलं. त्या मुलांनी गोंधळ घातला नव्हता, कोणाला अडवलं नव्हतं. शिस्त म्हणजे सगळ्यांचं मत एक असणं नव्हे. शिस्त म्हणजे दुसरा बोलत असताना थांबणं, आणि ती वादविवादात जास्त शिकता येते.

ज्यांना अजूनही हे सगळं अभ्यासाबाहेरचं वाटतं, त्यांनी घटनेचं कलम ५१-क काढून बघावं. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक बुद्धी आणि सुधारणावाद जोपासणं हे तिथे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. प्रश्न विचारणारं मूल ते कर्तव्यच बजावत असतं.

एवढं करूनही पोलिसांचा फोन आलाच तर?

घाबरून पोस्ट, चॅट, फोन पुसत बसू नका; पुरावा नष्ट केल्याचा वेगळा आरोप येऊ शकतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या आरोपात पोलीस सहसा आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस देतात. ती लेखी मागा आणि वकिलाला घेऊन वेळेवर जा. नोटिशीप्रमाणे वागणाऱ्याला कारण लिहून ठेवल्याशिवाय अटक करता येत नाही. अटक झालीच तर कारण सांगणं, वकील भेटू देणं आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करणं हे घटनेच्या कलम २२ ने बंधनकारक आहे. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अगदी अपवादात्मक कारण असेल तरच, तेही महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची परवानगी काढून. वकील परवडत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथून मोफत वकील मिळतो. देशभरासाठीचा मदत क्रमांक १५१०० आहे.